माझ्या नडगीवरची बहीण

रक्ताच्या कर्करोगातून मला वाचवलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या मूळ पेशींनी. नागपूरला तिच्या रक्तातून त्या काढल्या आणि माझ्या शिरेतून आत सोडल्या. मी बालाघाटला परत आलो, रक्ताचे रिपोर्ट सुधारले, आणि काही महिन्यांनी डाव्या नडगीची कातडी टणक होऊन फुटायला लागली. जखम झाली ती बुजायचं नावच घेईना.

डॉक्टरांनी कारण सांगितलं तेव्हा बहीण शेजारीच बसली होती. तिच्या पेशी माझ्या कातडीला परकी समजून तिच्यावर धावून जात होत्या. मला हसूच आलं. लहानपणी ही पोरगी चिमटे काढून पळायची, आता आत बसून काढत होती. ती मात्र पांढरीफटक पडली. बालाघाटला लागूनच असलेल्या भरवेलीला, तिच्या घरी गेली आणि माझ्याकडे यायचंच बंद केलं.

"काहून येत नाही वं तू?" मी फोनवर विचारलं.

"काय तोंड घेऊन येऊ दादा? माह्यंच रक्त तुले खाऊन राह्यलं."

राखीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भुजली असते. टोपलीत उगवलेले गव्हाचे कोवळे कोंब एकमेकांना द्यायचे, लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, मोठ्यांनी कोंब कानावर खोवायचा आणि वर्षाची भांडणं तिथंच मिटवायची. त्या वर्षी तिनं राखी पोस्टानं पाठवली आणि भुजलीला आलीच नाही. भरवेलीहून पोस्टानं! ऑटोवाला सवारी भरेपर्यंत थांबतो, तेवढाच काय तो उशीर. मला जखमेपेक्षा त्या लिफाफ्याचा राग जास्त आला, आणि फार वाईट वाटलं.

घरी बायको रोज सलाईनच्या पाण्यानं जखम धुवायची, न चिकटणारी पट्टी लावायची. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र डॉक्टर होऊनच यायचा. कोणी हळद आणली, कोणी कडुनिंबाचा पाला. एका काकांनी तर बैलाच्या खांद्याला लावायचं मलम डबीसकट आणलं.

"हळद आम्ही वरणात टाकतो," बायकोनं दारातच सांगितलं. "पायाले डॉक्टरनं सांगतलं तेच लागन."

काका डबी घेऊन रागारागानं गेले. औषधं बदलली, पट्ट्या बदलल्या, जखम जशीच्या तशी. त्यातून जंतू आत शिरले तर पाय काय, जीवच धोक्यात, हे मला माहीत होतं. वरून थट्टा करत होतो, आतून घाबरलो होतो.

मग एकदा नागपूरला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमची स्वतःची कातडी कडक झालीय, ती लावून उपयोग नाही. पण तुमच्या अंगातली राखणदारी आता बहिणीच्या पेशी करतात. तिची कातडी लावली तर त्या तिला परकी समजणार नाहीत."

मी बालाघाटला पोचून फोन केला. बायकोच्या कुकरची शिट्टी व्हायच्या आत बहिणीची स्कूटी दारात उभी.

"माह्यी कातडी चालन?" तिनं चपला काढायच्या आधीच विचारलं.

"तुह्यीच चालन म्हणते डॉक्टर."

ती पायरीवर बसून रडली. मग डोळे पुसून जेवायला काय आहे म्हणाली.

नागपूरला तिनं डॉक्टरांना बजावलं, "जरा मोठा तुकडा घ्या, दादाचा पाय लंबा हाय." तिच्या मांडीची पातळ साल काढून माझ्या नडगीवर बसवली. तिची मांडी माझ्या पायापेक्षा जास्त ठणकत होती आणि ती दिवसभर कुरकुरायची, "देऊन मीच फसली." पट्टी उघडली तेव्हा तुकडा रुजला होता. गुलाबी, ओलसर, जिवंत. हळूहळू उरलेल्या कडाही भरून आल्या.

यंदा ती भुजलीला आली. जंतूंच्या भीतीनं मला ओली माती वर्ज्य, म्हणून तिनं कोंब धुऊन, पारदर्शक पिशवीत गाठ मारून आणले होते. कानावर खोवायची सोय नव्हती, तर मी पिशवीच कपाळाला लावली. ती पाया पडायला वाकली आणि माझ्या नडगीपाशी थांबली. तिथला तुकडा तिच्यासारखाच गोरा आहे, बाकी पाय माझा, काळा. तिनं त्यावर हलकेच बोट फिरवलं.

"मिटलं भांडण?" मी विचारलं.

"हौ," ती म्हणाली. "पण दादा, हे तं माह्याच पाया पडणं झालं."