कडव्यानंतरची रिकामी जागा

मला गिटारवर एकच गोष्ट येते, आणि ती वाजवायची तर बाकीच्यांना गप्प बसावं लागतं.

गिटार नातीची, रेवाची. नोकरीला दिल्लीला जाताना ती माझ्याकडे टाकून गेली. मोबाइलवर बघून बघून मी शिकले. सी कॉर्ड धरायची. तीन बोटं ठाण मांडून बसतात; त्यातलंच एखादं उचलायचं, परत टेकवायचं, करंगळी जरा लांब पाठवायची (माझी जात नाही, तिला संधिवात आहे), आणि तारा एकेक छेडायच्या. त्यातूनच चाल निघते! गाणारे कडव्यानंतर थांबले की तेवढ्या रिकाम्या जागेत ती वाजवायची. रिकाम्या जागेचा मला काय तोटा? हे गेल्यापासून लखनऊच्या महानगर वस्तीतलं आमचं घर म्हणजे नुसती रिकामी जागाच. पण गाणारं कुणी नव्हतं.

म्हणून मी गणपतीवर डोळा ठेवून होते. त्या दिवशी इथली चार मराठी घरं आमच्याकडे जमतात, रेवाही येते. तिनं ऐकावं, एवढंच मनात.

मुलाला, नंदूला, बजावलं, "पहिलं कडवं झालं की हात वर कर. सगळे थांबले पाहिजेत."

"आई, आरतीत कोण थांबतं?"

खरंच आहे. आपल्यात कुणी श्वास घ्यायला थांबलं तर शेजारचा पुढची आरती सुरू करतो. पण नंदूनं हात वर केला आणि चक्क सगळे थांबले. मी मान खाली घातली (बोटं दिसल्याशिवाय मला वाजवता येत नाही) आणि सुरू केलं.

"झाली वाटतं आरती," त्या चार घरांतल्या मेजरांची बायको म्हणाली. "बरं झालं बाई, भूक लागलीय."

आणि तिनं तबक फिरवायला घेतलं! माझ्यापाशी आली. "काकू, घ्या."

माझे दोन्ही हात गुंतलेले. मग तिनं आपलेच तळवे ज्योतीवर धरले आणि प्रेमानं माझ्या तोंडावरून फिरवले. चष्मा नाकावरून हनुवटीवर! बोटं एक तार चुकली आणि चाल भलत्याच देवाकडे निघाली.

"भाभीजी, आप इत्मीनान से सुर मिलाइए," खालच्या मजल्यावरचे मिश्राजी अदबीनं म्हणाले, "हम लोग तब तक प्रसाद ले लेते हैं।"

"आजी, मोदक ठंडे हो जाएँगे," रेवा.

"अगं थांब, ऐक ना. होतच आलंय."

"हाँ हाँ, आप बजाओ, मैं सुन रही हूँ." हे स्वयंपाकघरातून, भरल्या तोंडानं.

मी हट्टाची. चष्मा सारखा केला, चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि या खेपेला, खोटं कशाला सांगू, एकही सूर चुकला नाही. मान वर केली तर खोलीत चिटपाखरू नाही.

शेवटपर्यंत बसून ऐकलं ते एकट्या गणपतीनं. त्याला उठून जाता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं, तेव्हा तोही सुटला.