पोर्तुगालच्या टोमॅटोला माझी गाठ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या पिंपळवंडीला उसात बिबट्या बसलेला असतो, त्यामुळे घाबरायला वेगळं काही लागत नाही. इथं लोक लिहितात ते भुतांचे अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचायचे आणि बरेचदा हसायचे. आज स्वतःच लिहायला बसलेय... हसायचं तर हसा.

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. परदेशात कुणाच्या शेतावर राहायचं, अर्धा दिवस काम करायचं, बदल्यात राहणं-जेवण फुकट आणि उरलेल्या वेळात हिंडायचं — असं काही असतं हे आमच्या घरात सगळ्यात आधी मी शोधून काढलं. हे नीट लक्षात ठेवा, कारण आता आमच्या नातेवाइकांत ते कुणाच्याच लक्षात नाही. मीच माझ्या चुलतबहिणीला, केतकीला सांगितलं. ती पुण्यात वाढलेली, माझ्याच वयाची. पोर्तुगालमधलं डोंगरउतारावरचं एक छोटं शेतही मीच निवडलं. मालकीण इनेस नावाची म्हातारी, एकटीच राहणारी. दोघींनी मिळून जायचं ठरलं, माझा पासपोर्ट आला, आणि त्याच सुमारास आप्पा, म्हणजे माझे वडील, आळेफाट्याजवळ मोटरसायकलवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. शेतात टोमॅटो गुडघ्याएवढा झालेला, बांधणी तोंडावर आलेली. मी राहिले. केतकीचं जायचं पक्कं झालं.

राग आप्पांचा नव्हता, केतकीचा होता. जिनं जन्मात खुरपं धरलं नाही ती शेतात काम करायला विमानानं जाणार, आणि त्याचं सगळ्यांना केवढं कौतुक. काकू तर फोनवर सांगायच्या, आमची केतकी आता शेती शिकणार. मी इथं काय करत होते मग? पण शेतकऱ्याच्या पोरीनं शेतात राबलं तर ती बातमी होत नाही. जळत होते मी, सरळच सांगते.

आता बांधणी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. सरीला बांबू रोवायचे, त्यांना तारा ओढायच्या आणि एकेक झाड सुतळीनं तारेला बांधायचं. सगळ्या बाया गाठ तारेच्या वर मारतात. मी डावखुरी, त्यात लहानपणी आईच्या समोर, सरीच्या पलीकडे उभी राहून शिकले. त्यामुळे माझी गाठ उलटी बसते — तारेच्या खाली, आणि सुतळीचं टोक मागं वळवून वेढ्यात खोचलेलं. आई विचारते, झाड बांधलंय का करडू. पण ती गाठ सुटत नाही. आमच्या प्लॉटमध्ये कुठली ओळ कुणी बांधली हे कुणालाही सांगता येणार नाही, माझी मात्र लांबूनही ओळखता येते.

दुपारी बाया जेवून आंब्याखाली आडव्या व्हायच्या. मला पडवायचं नाही. आप्पांचा निळ्या चेक्सचा फुल शर्ट ड्रेसवर चढवायचा, तोंडाला ओढणी गुंडाळायची आणि परत ओळीत शिरायचं. शर्टाचा खिसा तारेत अडकून फाटला होता, तो तसाच लोंबायचा. हात चालू आणि डोक्यात एकच... वेबसाइटवर पाहिलेलं ते शेत, त्याचे दगडी बांध, खाली वळणारी नदी. अशी तंद्री लागायची की ओळ कधी संपली ते कळायचं नाही. आई हाका मारून मारून दमायची आणि मग बांधापर्यंत येऊन दंडाला धरून हलवायची. मला वाटायचं, ऊन लागतंय.

बांधणी उरकली आणि त्यानंतर केतकी गेली. लगेच ग्रुपवर फोटो सुरू — केतकी चिखलाच्या बुटांत, केतकी कोंबड्यांना दाणे टाकताना. आमच्या दारात कोंबड्या आहेत. मी रोज दाणे टाकते, माझा फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

मग एका दुपारी तिनं मला टोमॅटोच्या ओळींचा फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, बघ आमचे टोमॅटो. आमचे म्हणे. मी चूक काढायलाच झूम केलं. बांबूऐवजी कसल्यातरी काठ्या, सुतळीऐवजी जाड दोरा... आणि गाठ तारेच्या खाली, टोक मागं वळवून खोचलेलं. सगळ्या ओळींना तशीच.

मी फोन आईपुढं धरला, काही न सांगता. आई शेंगा निवडत होती. तिनं फोन लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "आपल्या वरच्या प्लॉटचा हाय का? माती अशी का दिसती? गाठ तर तुझीच हाय."

केतकीला विचारलं, तर म्हणाली हे ती जायच्या आधीच बांधलेलं होतं, कुणी ते माहीत नाही, उद्या इनेस आजीला विचारते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आमचा तोडा, म्हणजे टोमॅटो काढणं, चालू होता. तोंडाला ओढणी गुंडाळलेलीच होती, अंगात आप्पांचा पांढरा शर्ट. केतकी काही बोलणार तेवढ्यात मागून इनेस आजी आली, तिनं स्क्रीनमध्ये पाहिलं आणि केतकीच्या हातातून फोन ओढून घेतला. तिच्या भाषेत भराभरा बोलत होती, मधे मोडकं इंग्लिश. चेहरा रागावलेला, डोळे मात्र भरलेले. मला काहीच कळेना.

केतकीनं फोन परत घेतला. "ती विचारतेय, न सांगता यायचं का बंद केलंस?"

मग तुकड्या तुकड्यानं सगळं बाहेर आलं. केतकी पोचायच्या आधी एक मुलगी रोज सकाळी यायची. तोंड बांधलेलं, एक शब्द बोलायची नाही. ओळीत शिरायची, ऊन चढलं की दिसेनाशी व्हायची. आजीला वाटलं, खालच्या गावातली कुणी असेल. ताट वाढून ठेवलं तर त्याला शिवायचीसुद्धा नाही. इतकं नेटकं काम त्या शेतावर कुणी केलं नव्हतं — हे भाषांतर केतकीनं फार नाखुशीनं केलं आणि मला त्याही अवस्थेत बरं वाटलं.

आजीनं अजून एक विचारलं. आज तो निळा शर्ट कुठंय, फाटक्या खिशाचा?

तो शर्ट बांधणी संपल्यावर मी पंपाखोलीत पुसायला टाकला होता. केतकीनं तो कधी पाहिलेलाच नाही.

"शीतल, खरं सांग, तू माझ्या आधी येऊन गेलीस?" केतकीचा आवाज चिरका झाला होता. "मी आल्यापासून ही मला त्याच मुलीची उदाहरणं देते. ती असती तर एव्हाना झालं असतं, म्हणते. वैताग आलाय मला."

मी म्हटलं, बाई, आप्पांचा पाय वजन लावून टांगलेला होता, मी तालुका सोडलेला नाही. रात्री कपाटातून पासपोर्ट काढून पानं चाळली. कोराच होता. म्हणजे असणारच, पण चाळला.

तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार, हे केतकीनंच नंतर सांगितलं. आईला ते कळल्यावर तिनं आधी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाली, "हितून भाकर खाऊनच जात व्हतीस की. तितं भूक कशी लागंल?" आईच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला.

माझा मिटला नाही. दुसरी कुणी डावखुरी असेल, योगायोग असेल, म्हातारीला भास झाला असेल, सगळं मांडून पाहिलं. पण गाठ आणि शर्ट, दोन्ही एकाच वेळी कशातच बसत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा, मला अजून उलगडलेलं नाही.

आप्पा आता काठी घेऊन चालतात. इनेस आजीनं निरोप धाडलाय, यंदा बांधणीच्या आधी ये, खोली झाडून ठेवलीय. आई म्हणते, "जा की. जेवायचं ऱ्हायलंय ना तुजं तितं." व्हिसाही झालाय. तिकीट मात्र माझ्याच्यानं काढवत नाही.

कारण म्हातारीनं खोली झाडलीय ती तिच्यासाठी. जी बोलत नाही, जेवत नाही, दमत नाही. माझी दोन ओळींत कंबर धरते, आणि भूक लागली की मी समोरच्याचं डोकं खाते. केतकीचा राग तर कधीच गेला. आता मी जळते ती त्या दुसरीवर. शेत शोधलं मी, नदी बघायची होती मला, आणि माझ्या बापाचा शर्ट घालून आधी जाऊन आली ती. मला एका शब्दानं सांगितलं नाही, आणि नदी कशी होती ते मला आठवतसुद्धा नाही.