तीन मजली घाट

मळवलीच्या बंगल्यांमधलं निम्मं फर्निचर सखारामच्या हातचं. आपलं काम डुगडुगलं तर मिशी उतरवीन, ही त्याची घमेंड. पलंग झाला की हा गडी त्यावर उड्या मारून दाखवायचा. बंगलेवाले घाबरायचे, बायको शकुबाई कपाळाला हात लावायची. ओट्याची उंची मात्र तो कधी टेपनं घ्यायचा नाही. ज्याला तिथं काम करायचं, त्याला भिंतीशी उभं करून कमरेला पेन्सिलीची रेघ ओढायचा. माप माणसाचं घ्यायचं, हे त्याचं ठरलेलं.

त्याचा एकुलता एक मुलगा प्रज्ञेश कार्ला फाट्यावर मोटारसायकलवरून पडला आणि त्याला कमरेखालचं काही कळेनासं झालं. वर्ष उलटलं. पोरगा बोलेना, ताट तसंच परत येऊ लागलं. शकुबाई घरातली औषधं कुलपात ठेवू लागली.

मग एक दिवस त्यानं कागद मागितला. खेळातल्या आगगाड्यांचं त्याला लहानपणापासून वेड. इंजिनं, डबे, रूळ खोक्यात पडून होते. त्यानं कागदावर घाट काढला. खाली कर्जत, मधे खंडाळा, वर लोणावळा, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर गोल गोल चढत जाणारा मार्ग.

"आबा, एवढं करून द्या," तो म्हणाला. "मग मी रोज उठून बसंन."

सखारामला आणखी काय हवं होतं! बंगल्यांची कामं गेली खड्ड्यात. सागाच्या चौकटी, जाड प्लाय, सांध्यांना गोंद आणि वर स्क्रू, खोलीच्या भिंतीत बोल्ट. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं म्हणून फळ्यांमधे फट सोडली. मापासाठी कुणाला उभं करायची गरजच पडली नाही. बापलेक एकाच उंचीचे, एकमेकांच्या पँटी घालणारे. सखाराम स्वतःच भिंतीला टेकला. खालचा मजला गुडघ्याला, मधला कमरेला, वरचा छातीला. काम संपल्यावर गडी वरच्या मजल्यावर चढून बसला. साधं करकरलंसुद्धा नाही.

शकुबाईनं चाकांची खुर्ची आत ढकलली. प्रज्ञेशच्या मांडीवर इंजिनाचं खोकं होतं. त्याचे गुडघे खालच्या फळीवर आपटले, ते त्याला कळलंही नाही. मधला मजला त्याच्या हनुवटीशी आला. लोणावळ्याच्या जागी त्याला दिसत होती ती प्लायची खालची बाजू.

"आवं, माप कुनाचं घेतलंत?" शकुबाई हळूच म्हणाली.

रंधा मारताना पोरगा सारखा सखारामच्या डोळ्यांसमोर होता, पण तो उभा होता. खुर्चीतला प्रज्ञेश त्याच्या मनात एकदाही आला नव्हता.

"उतरवतो सगळं," तो घाईघाईनं म्हणाला. "तिन्ही मजले तुझ्या हाताशी आनतो."

"बसनार न्हाईत, आबा. माजा हात पोचतो तेवढ्यात एकच बसंल."

"मग एकच करू."

"एका मजल्याचा घाट नसतो."

सखारामनं पाना घेतला. बोल्ट फिरले, पण सांधे हलेनात. उघडेल असा सांधा त्यानं जन्मात केला नव्हता. तो फळीवर डोकं टेकून रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा, आणि शकुबाईला कुणाकडे जावं कळेना.

"आबा, ऱ्हाऊ द्या," प्रज्ञेश म्हणाला. "कागदावर उंची मीबी लिवली न्हाई. काढताना मीबी उभाच व्हतो."

मग मांडीवरचं खोकं न उघडताच त्यानं आईला खुर्ची मागं घ्यायला सांगितली.