जळिताच्या पंचनाम्यात सापडलेली बाही

औंढ्याचं ते जळीत आजही आठवतं, कारण त्यात मी एका निरपराध माणसाला जवळजवळ कोठडीत टाकलंच होतं.

तेव्हा माझी नेमणूक लोणावळ्याला होती. भर श्रावणात दुपारी जवळच्या औंढे गावातल्या एकाचा ठाण्यात फोन आला. एका घराची मागची खोली जळाली होती आणि आगीच्या जरा आधी शेजारी हातात कॅन घेऊन तिथून जाताना दिसला होता. घरमालकाने फिर्यादीत त्याचंच नाव घेतलं. दोन घरांत बांधावरून जुनं वैर. वैर कळलं की आम्हा पोलिसांना निम्मा तपास झाल्यासारखा वाटतो. शेजाऱ्याला ठाण्यात आणून बसवलं.

तो रेल्वेत ट्रॅकमन. "डिझेल घिऊन शेतातल्या टिलरकडं चाललो हुतो, सायेब," एवढंच धरून बसला. तासभर उलटसुलट विचारलं, दरडावलं, पण जबाब बदलेना. शेवटी हळूच म्हणाला, "अटक झाली तर निलंबन हुतंय. घरात कमावता मी एकलाच हाय."

खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी भर घालतो. याने घातली नाही. मी अटक थांबवली आणि पंचनाम्याला स्वतः गेलो.

मागच्या दाराशी डिझेलचा वास नव्हता. भिंत सर्वांत काळी होती ती इन्व्हर्टरच्या वर. त्याच्या पंख्याच्या जाळीला स्वेटरची अर्धी जळकी बाही चिकटली होती.

घरमालकाच्या बायकोला बाहीबद्दल विचारलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, मग तिला रडू फुटलं. "आठ-आठ दिस कापडं वाळत न्हाईत, सायेब. त्येच्यातनं गरम वारं येतं, म्हून समदी त्येच्यावरच घालते मी."

म्हणजे त्या दुपारी बराच वेळ गेलेली वीज आली आणि बॅटरी जोरात चार्ज होऊ लागली. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पंख्याचं तोंडच कपड्यांनी बंद झालेलं. वीज निरीक्षकांनीही पुढे तेच लिहून दिलं. 'अकस्मात जळीत' अशी नोंद करताना मला हायसं वाटलं, खरंच सांगतो. वैराला पुरावा समजू नये, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मी तिथे शिकलो.

पंचनाम्याच्याच संध्याकाळी ट्रॅकमनला घरी सोडायला मीच जीप घेऊन गेलो. घरमालक मान खाली घालून अंगणात उभा होता. ट्रॅकमन त्याला ओलांडून पुढे गेला. घरमालकाच्या बायकोला मात्र म्हणाला, "वयनी, आमची चूल दिसभर पेटती असती. कापडं तितं आणून टाका."