नावाच्या जागी श्वास

फिनलंडमधल्या आमच्या कुइवासाल्मी गावात पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी दोन विषय निघाले की भांडण ठरलेलं. एक, सरोवराकाठची सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, नेमकी कुणाच्या जागेत येते. आणि दुसरा, इर्याचा आवाज सुओसिल्माला शोभतो की नाही. सुओसिल्मा म्हणजे दलदलीच्या मधोमध असतं ते काळं पाणी, वरून निवांत, आत तळ नाही. आमच्या गावच्या रॉक बँडचं हे नाव. गिटार अशी की बरगड्या हलाव्यात, ड्रम अंगावर येणारे, आणि या सगळ्या दणदणाटात मधोमध इर्या. पन्नाशीची बाई, वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात चादरी धुणारी. लोकरीचा स्वेटर घालून माइकपुढे उभी राहायची आणि रडायची. हो, चक्क रडायची. "मांजराची शेपटी दारात अडकलीय," असं म्हणून हसणारे गावात पुष्कळ होते. बाकीचे काही बोलायचे नाहीत, नुसते आपल्या कपात बघत बसायचे. ऐकलं होतं ते त्यांनीच, दुसरं काय!

हा आवाज तिला मिळाला आजीकडून. ओक्सेन्या आजी युद्धात सरहद्दीपलीकडचं कारेलियातलं घर सोडून आली, ती एक गाय, एक देवाची तसबीर आणि आपली रडगाणी घेऊन. रडगाणं म्हटलं की लोकांना रोजची कुरकुर आठवते. पण ओक्सेन्याच्या मुलखात ते बाईमाणसाचं काम होतं. मर्तिकाला, मुलगी सासरी निघाली की, मुलगा सैन्यात चालला की रडणारीला बोलावणं जायचं. खालच्या पट्टीत सुरुवात, मग सूर वर घसटत न्यायचा, आणि ओळ संपली की हुंदक्यासारखा एक श्वास. राय नावाच्या धान्याच्या पापडीला मुरड घालत घालत आजीनं हे सगळं नातीला शिकवलं.

"एक ध्यानात ठेव पोरी," आजी सांगायची. "रडताना माणसाचं नाव घ्यायचं नाही. आईला आई म्हणायचं नाही, 'मला उजेडात आणणारी' म्हणायचं. नाव घेतो पाद्री, आणि तो घेतो निरोप द्यायला. आपण रडतो ते बोलणं चालू ठेवायला. नाव घेतलंस की बोलणं संपलं. मग घसा फोडलास तरी कोणी ऐकायला येत नाही."

आजी गेली तेव्हा इर्या रडली, ती अशी रडली की कबरस्तानातले लोक टोप्या काढून उभेच राहिले. त्यांत तिचा नवरा इल्पोही होता. शाळेची बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या डेअरीत दोन मित्रांबरोबर बेस गिटार वाजवायचा. लग्नाला एवढी वर्षं होऊन बायकोच्या गळ्यात हे आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. पुढच्याच शनिवारी तो तिला हाताला धरून डेअरीत घेऊन गेला.

"अरे, हे काय काढलंस?" रेइयो ओरडला. रेइयो म्हणजे गिटारवाला, धंद्यानं वायरमन, इल्पोचा पहिलीपासूनचा दोस्त. "मर्तिकाला आलोय का आपण?"

"तू वाजव रे," इल्पो म्हणाला. "मी मधे उभा राहतो."

आणि राहिला खरंच. एका बाजूला रेइयोचा दणका, दुसऱ्या बाजूला इर्याचं रडणं, आणि मधे इल्पोची जाड तार. इर्यानं हुंदका घेतला की तो तार धरून ठेवायचा, ती परत येईपर्यंत. इल्पो होता तोवर आवाज शोभतो की नाही असली शंका डेअरीत कुणाच्या मनातसुद्धा आली नाही.

सरोवरावरच्या एप्रिलच्या विरत्या बर्फावर पाऊल टाकू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इल्पोला कळत नव्हतं थोडंच! पण मासे धरायचं जाळं बर्फाखाली राहिलं होतं. "एवढं काढून येतो, कॉफी टाक," म्हणाला आणि गेला. सरोवर मोकळं झालं तेव्हा सापडला. चर्चमध्ये पाद्र्यानं त्याचं नाव घेतलं तेव्हा इर्याला खोकल्याची उबळ आली, निदान लोकांना तसं वाटलं. खरं तर तिला ते नाव ऐकायचं नव्हतं. त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका आपसांत कुजबुजल्या. कुजबुजणारच, त्यांना दुसरा उद्योग काय.

पानगळीच्या सुमारास डेअरीचं कुलूप पुन्हा उघडलं. इल्पोच्या जागी कुणाला घ्यायचं नाही, असं न बोलताच ठरलं. त्याची बेस गिटार स्टँडवर होती तशीच राहिली. आल्या आल्या इर्यानं पहिलं काम केलं ते त्या गिटारच्या अँप्लिफायरचं बटण दाबायचं. मग रेइयोनं सुरू केलं, ड्रमवर बसलेला तार्मो भिडला, आणि इर्याच्या तोंडून ओळ आली : "चुलीशी ओले बूट वाळत घालणाऱ्या..." नाव यायचं तिथं तिनं हुंदका घेतला. तेवढ्या शांततेत स्टँडवरची जाड तार घुमली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल अशी.

"त्यात काय एवढं," रेइयो म्हणाला. "तुझ्या आवाजानं हलते ती. एकाच सुराच्या दोन वस्तू असल्या की होतं असं."

"हं," इर्या म्हणाली. तिला कळायचं ते कळलं होतं. तो होता. मधे उभा राहून, ती परत येईपर्यंत तार धरून होता.

त्या दिवसापासून बाई शनिवारवर जगायला लागली. आठवडाभर मुकाट चादरी धुवायच्या, कोणी काही विचारलं तर हो-नाही करायचं, आणि शनिवारी डेअरीत जाऊन नवऱ्याशी बोलायचं. सरोवर गोठल्याचं बोलायची, छपराची गळती सांगायची, बुटांना अजून वास येतो म्हणून रागवायची, सगळं आडवळणानं, रडत रडत. इतरांना वाटायचं गाणं बसवतेय.

पुढच्या उन्हाळ्यात रेइयोनं इल्पोवर एक गाणं लिहिलं. बरं लिहिलं होतं. ध्रुवपद होतं, "इल्पो, बर्फ अजून वाजतं." इर्यानं गाणं उचललं, पण दर वेळी पहिल्या शब्दाच्या जागी हुंदका घ्यायची आणि "बर्फ अजून वाजतं" तेवढं म्हणायची. रेइयोच्या कपाळावर आठ्या चढायच्या, पण तो वाजवत राहायचा. आणि मग विर्ता आला.

विर्ता हेलसिंकीच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं गाणं ऐकून एवढ्या लांब आला होता. कुइवासाल्मीत गाणं ऐकायला बाहेरून कोणी येणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत! हात बांधून त्यानं सगळं ऐकलं.

"वाजवता मस्त," तो म्हणाला. "पण या बाईंचा आवाज गाण्यात बसत नाही, गाण्यावर चढून बसतो. आणि ध्रुवपदाचा पहिला शब्द त्या दर वेळी विसरतात."

"विसरत नाही," इर्या म्हणाली. "मी तो म्हणत नाही."

"घ्या!" तार्मो हसला. "एवढ्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतेय!" बोलून गेला आणि मान खाली घालून काठ्या चाचपत बसला. तसा मनाचा वाईट नाही तो, जिभेला हाड नाही एवढंच.

पुढच्या शनिवारी रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन येतो, तोवर आवाजाचं बघा, असं सांगून विर्ता गेला. इर्या बाहेर येऊन पायरीवर बसली. रेइयो तिच्या शेजारी टेकला.

"म्हण ना गं एकदा," तो म्हणाला. "एक शब्द तर आहे."

"आजीनं सांगितलंय. नाव घेतलं की बोलणं संपतं."

"आजी गेली, इर्या. तो पण गेला. आम्ही आहोत अजून, आणि आम्हाला आयुष्यात एकदाच कोणीतरी विचारतंय." रेइयोचा आवाज चिरकला. "तुझा नवरा होता, मग माझा कोणी नव्हता? तुझ्यापुढे त्याचं नाव घ्यायची चोरी. मला एकदा मोठ्यानं ऐकायचंय ते. म्हणून तर लिहिलं गाणं."

इर्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"शाळेच्या गायनाच्या बाई आहेत ना, योन्ना, त्यांना बोलावलंय मी," रेइयो जमिनीकडे बघत म्हणाला. "नाइलाज आहे."

"मग मी नुसती येऊन बसले तर? शनिवारची?"

"बसून काय करणार?"

काय सांगणार ती! नवरा भेटतो म्हणून सांगितलं असतं तर रेइयोनं डॉक्टरकडे नेलं असतं. तिनं फक्त विचारलं, "त्याची गिटार आठवडाभर घरी नेऊ?" रेइयोनं गिटार, अँप्लिफायर, सगळं स्वतः उचलून गाडीत ठेवून दिलं.

घरी तिनं गिटार चुलीशी उभी केली, बुटांच्या शेजारी. बटण दाबलं. तोंड उघडलं. रडणंच येईना. फ्रिज घरघरत होता, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. आवाज नुसता कोरडा, घशातल्या घशात. दुसऱ्या दिवशी सौनेत बसून बघितलं, मग सरोवराच्या काठी. धुलाईखान्यात सगळी यंत्रं एकदम लावून त्या गदारोळात तोंड उघडून बघितलं, तेव्हा तिथली मुकादमीण धावत आली, काय झालं म्हणून. काही झालं नव्हतं. काही होत नव्हतं, हेच तर! रेइयोचा तो दणका खाली असल्याशिवाय हिचं रडणं वरच येत नव्हतं. शोभत नाही, शोभत नाही म्हणून टेबलं बडवणाऱ्यांना कोण सांगणार, की त्या आवाजाला त्या दणदणाटाखेरीज दुसरं घरच नव्हतं. शुक्रवारी ती बुटांपाशी फरशीवर बसून राहिली. उद्यापासून आपण कुणाशी बोलायचं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

शनिवारी तिनं गिटार परत आणली, स्टँडवर ठेवली, बटण दाबलं आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसली. विर्तानं यंत्रं मांडली. योन्ना आली, सगळ्यांशी हसून बोलली, इर्याचा हात हातात घेऊन "तुम्हाला चालेल ना?" असंही विचारलं. भली बाई. मग ती गायली. सूर स्वच्छ, ताल चोख. ध्रुवपद आलं आणि तिनं ते नाव घेतलं. "इल्पो." पाणी मागावं इतक्या सहज. बाकावर इर्यानं दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली.

गाणं संपलं. विर्तानं कानावरचे हेडफोन काढले, डोकं खाजवलं.

"छान. पण आता कुठल्याही बँडसारखं वाटतंय," तो म्हणाला. मग बाकाकडे वळला. "खरं सांगू? नावासकट यांनीच म्हटलं असतं तर..."

सगळे इर्याकडे बघायला लागले. इर्या स्टँडकडे बघत होती. नाही म्हटलं तर हे दार आजच बंद. हो म्हटलं तर येता येईल, या खोलीत, त्या तारेपाशी. आजीचं कदाचित खरं नसेल. म्हाताऱ्या माणसांचं सगळंच कुठं खरं असतं! कदाचित तो समजून घेईल. नेहमी घ्यायचा.

"मी म्हणते," ती उठली. "नावासकट."

रेइयोनं सुरू केलं. ती खालून निघाली, सूर घसटत वर गेला, आणि जिथं इतके दिवस श्वास होता तिथं तिनं नाव घेतलं. "इल्पो." पुन्हा ध्रुवपद आलं. "इल्पो." तिसऱ्यांदा ते तोंडातून असं सुटलं की तार्मोचा ठोका चुकला आणि रेइयो भिंतीकडे तोंड करून वाजवायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"बसला!" विर्ता ओरडला. "आता बसला आवाज गाण्यात!"

योन्नानं तिला मिठी मारली. तार्मो म्हणाला, "माफ कर गं, त्या दिवशीचं." रेइयो डोळे पुसत कॉफी आणायला निघाला. बाकीचेही त्याच्यामागून अंगणात गेले.

इर्या एकटी राहिली. ती स्टँडपुढे जाऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "चुलीशी ओले बूट वाळत घालणाऱ्या..." आणि हुंदका घेतला.

तार घुमली. नेहमीसारखीच घुमली.

इर्या ऐकत उभी राहिली. एकाच सुराच्या दोन वस्तू असल्या की होतं असं. तार होती ती. नुसती तार. मधे कोणी उभं नव्हतं. तिनं हात पुढं करून ती बोटानं दाबली, घुमणं थांबलं. मग खाली वाकून अँप्लिफायरचं बटण बंद केलं.

"इर्या," दारातून तार्मोनं हाक मारली, "कॉफी झाली की अजून एकदा घेऊ म्हणतायत. ते नावाचं तेवढं परत. जमेल ना?"

"घ्या की," इर्या म्हणाली. "कितीदाही घ्या. आता काय!"