मांडव, मेहुणा आणि तिसऱ्या प्रतीचं वादळ

झाशीत मे महिन्यात धुळीची आंधी येते तेव्हा आमचं घर जागेवर राहतं, सामान तेवढं जिल्हाभर फिरून येतं. गच्चीवरचा माझा टॉवेल एकदा बेतवा नदीकडे निघाला तो थेट एरच गावाला पोचला. तिथं कुणा सद्गृहस्थानं त्यानं अंग पुसलं आणि वारा फिरल्यावर ओलाच परत पाठवला. खोटं वाटत असेल तर घरी या, टॉवेल दाखवतो.

मुलाच्या मुंजीत आली ती आंधी मात्र एवढी पोचलेली नव्हती. कॉलनीच्या मैदानात मांडव माझ्या मेहुण्यानं घातला होता. बायकोचा थोरला भाऊ, सरकारी कारखान्यात इंजिनियर. दोरी कापायची म्हटलं की याच्या पोटात कळ येते. म्हणून त्यानं एकूण एक बांबूला सुरगाठ मारली. कार्य आटोपलं की टोक ओढायचं, दोरी अख्खी परत. बटू भिक्षावळीला उभा राहिला आणि वाऱ्यानंच टोकं ओढली. मांडव उठला, कॉलनीचं फाटक ओलांडून सदर बाजारच्या रस्त्यावर एका ऑटोवर जाऊन बसला. ऑटोवाल्या भैयानं सावली आयती मिळाली म्हणून तिथंच सवाऱ्या भरल्या.

पुढच्याच आठवड्यात लेकीचं लग्न, याच मैदानात. मामाच्या मानानं तोही मांडव मेहुण्याकडेच होता. आता तो त्याच्याकडे राहणार का, हाच प्रश्न. कारण झाशीतली यच्चयावत मराठी बिऱ्हाडं वरणभात कालवता कालवता हसत होती.

"टॉर्नेडो होता तो," मेहुणा म्हणाला. "तिसऱ्या प्रतीचा तरी!"

आमच्या लेकीला मराठी पूर्ण कळतं, बोलता अर्धंच येतं. तिनं मोबाईल काढला. "मामाजी, इसमें लिखा है, वारा मोजायला कोण आत जाणार? यंत्रच उडून जातं. मग नंतर जाऊन बघतात काय काय तुटलं, त्यावरून शून्य ते पाच नंबर देतात."

"मग? मांडव गेला ना!"

"नुसतं उडून नाही चालत. नीट आवळून बसवलेलं घर जोत्यावरून साफ गेलं, तो पाँच. घर ढिलं असेल तर नंबर कम."

ती वाचत गेली. अमेरिकेतली पुसली गेलेली गावं, मग बांगलादेशातली, जिथं एका संध्याकाळी शेकड्यांनी माणसं गेली. मेहुण्यानंही हात जोडले.

मग माझ्या बायकोनं पंचनाम्याला सुरुवात केली. बांबू शाबूत. कापड शाबूत. दोरीचा एक धागा तुटलेला नाही. मेहुण्यानं ती केव्हाच गुंडाळून काखेत मारली होती. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्यातल्या एकीनंही कूस बदललेली नव्हती.

"दादा, वाऱ्यानं तुझ्या गाठी सोडून दिल्या, दोरी हातात आणून दिली. इतकं सभ्य वादळ मी बघितलं नाही. शून्य! लग्नाचा मांडव टेंटवाला घालेल."

"अगं, तो निरगाठी मारेल! दोऱ्या कापेल!"

"कापू दे."

लग्नाच्या दिवशी अक्षता वाटून झाल्या आणि दतियाच्या बाजूचं आभाळ तांबूस झालं. पाहुणे देवाचा धावा करू लागले. मेहुणा अंतरपाटाचं टोक धरून उभा होता, पण डोळे वर, आणि चेहऱ्यावर एवढी आशा की नवरदेवाच्याही नव्हती. आंधी आली. गुरुजींचं उपरणं गेलं, पाहुण्यांचे फेटे गेले, जिलबीची परात बँडवाल्यांच्या डोक्यावरून वाजत गेली. मांडव कुरकुरला, पण एक बांबू हलला नाही.

"ही कितव्या प्रतीची?" मी ओरडून विचारलं.

तोंडातली धूळ थुंकत मेहुणा म्हणाला, "ही? भावोजी, झुळूक आहे नुसती!"