सासऱ्यांना चावलेला कुत्रा

आमच्या गिरीज गावच्या वाडीतला कुत्रा राखणदार म्हणून अगदीच कुचकामी. नारळ चोरायला आलेल्यापुढेही शेपटी हलवायचा. पिल्लू असताना त्याला मीच उचलून आणलं होतं, म्हणून सासऱ्यांच्या लेखी तो कायम 'सूनबायचा कुत्रा'. घरात काही सांडलं-लवंडलं की "तुज्या कुत्र्यानं" अशीच सुरुवात.

त्या सकाळी नारळ पाडायला माणूस माडावर चढला, तेव्हा खालून सगळे हटले. हा मेला हटला नाही. नारळ थेट पाठीवर बसला. एकदाच केकाटला आणि मागचे दोन्ही पाय फरफटत माझ्याकडे येऊ लागला. सासऱ्यांनी कुठूनशी एक फळी आणली. तिच्यावर त्याला आडवा करून आम्ही रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे काढला. मणका मोडला नव्हता, पण आतल्या मज्जारज्जूला मार लागला होता. मग त्यांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबलं. पाय आखडला. मी हरखले.

"त्यावर जाऊ नका," बाई म्हणाल्या. "पाय आपोआप आखडतो. दुखलं, हे त्याच्या डोक्याला कळायला हवं. वळून बघेल, चावेल, तेव्हा खरं."

त्यांनी सूज उतरवायचं इंजेक्शन दिलं आणि स्पष्टच सांगितलं, सूज असेल तर उतरेल; आत काही तुटलं असेल तर ते या औषधाने जुळणार नाही.

कोंबड्यांचं रिकामं खुराडं त्याचा दवाखाना झालं. त्याला हलू द्यायचं नव्हतं. शेजारपाजारचे मात्र खोबरेलाच्या वाट्या घेऊन हजर. आमच्याकडे माणूस पडो की जनावर, पाठ चोळल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. "हात लावून तर बघा!" म्हणत मी खुराड्यापाशी ठाण मांडलं. चार शब्द जास्तच बोलले असेन, पण पाठीला कुणी शिवलं नाही. डॉक्टरबाई येऊन बोट दाबत. पाय आखडे, मान जागची हलत नसे. त्याच्या त्या सोशिकपणाचा मला भयंकर राग यायचा. चाव ना रे मेल्या!

एका सकाळी चहा घेऊन गेले, तर सासरेच खुराड्यात हात घालून बसलेले. "नुसता आळशी हाय," असं पुटपुटत त्यांनी आपल्या राठ अंगठ्याने त्याचं बोट दाबलं. कुत्रा गर्रकन वळला आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावला.

"चावला! सूनबाय, चावला गं!"

रक्ताळलेला हात उंच धरून ते वाडीभर नाचले. मी हसत होते, रडत होते, आणि चहा कधीच सांडला होता. शेवटी त्यांना ओढत नळाखाली न्यावं लागलं.

आज तो मागून जरा तिरपा चालतो, पण चालतो. मासळीवालीची हाक आली की पळतोसुद्धा. श्रेय इंजेक्शनचं किती आणि नशिबाचं किती, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी दोघांनाही देऊन टाकलं.

चावला त्या दिवशी सुई टोचून घ्यायची पाळी सासऱ्यांची होती. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "कुत्रा भटका होता का, आजोबा?"

मी तोंड उघडणार, तोच सासरे तिच्यावर खेकसले.

"भटका कशाला? माजा हाय."